पुढच्या मुक्कामी दाखवू

३ सप्टेंबर

तीर्थरूप आई,

नमस्कार. पत्राचा मायना कसा लिहायचा हे तुम्ही शाळेत तीस वर्षं शिकवलंत, त्यामुळे तुम्हाला पत्र लिहायचं म्हटलं की तुमचं लाल पेन डोळ्यापुढे येतं. चुका काढा, पण वाचा. फोन करत नाही, कारण फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर निदान खोडता येतं.

आम्ही तिघंही ठीक आहोत. दहा दिवसांपूर्वी या नव्या घरात आलो. सगळं विकून निघाल्यापासूनच्या तीन वर्षांतलं हे एकविसावं घर. टिटवीने मोजलंय, तिच्या वहीत यादी आहे. तिसरा मजला, एकच खोली, ओटाही त्याच खोलीत, आणि एकच टेबल. टेबलाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला टिटवीचा बाबा, मधे टिटवी तिच्या ऑनलाइन शाळेचा टॅब घेऊन. माझं काम तेच, हेडफोन लावून लोकांच्या मुलाखती आणि मीटिंगा ऐकायच्या आणि शब्दन्‌शब्द टाइप करायच्या. तो वेबसाइट बनवतो. त्याच्या लोकांशी बोलायची वेळ आली की लॅपटॉप घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसतो, कारण दार तेवढ्याच एका जागेला आहे. परवा त्याची मीटिंग दोन तास चालली, तेव्हा आम्हा दोघींना खालच्या दुकानवाल्या बाईंकडे जाऊन अडचण भागवावी लागली. त्या आता आम्हाला बघितलं की न विचारताच आतलं दार उघडतात.

लोकांना वाटतं आम्ही कायम सुट्टीवर आहोत. मी त्यांना काही सांगत बसत नाही.

टिटवी उंच झालीय. पुढच्या महिन्यात सात पूर्ण होतील. आईच्या कानावर हेडफोन असले की बोलायचं नाही असा घरात नियम आहे, तर ती आता चिठ्ठ्या लिहिते. 'भूक लागली.' 'बाबा बाथरूममधून कधी निघणार?' अक्षर तुमच्या वळणाचं आहे. पूर्वीसारखी बडबड करत नाही. तुम्ही हौसेने टिटवी नाव ठेवलंत, आता ते शोभायचं नाही. शहाणी झालीय. बोलते तेव्हा मात्र मोठ्याने बोलते, आणि कार्टून तर इतकं मोठ्याने लावते की शेजारच्यांनी भिंत वाजवली.

या घरातल्या उशा काही चांगल्या नाहीत. कुबट वास येतो. मी तीनदा अभ्रे धुतले. मागच्या घरातही तसंच होतं.

एप्रिलमध्ये तुम्ही फोनवर जे म्हणालात त्याबद्दल आज लिहीत नाही. मी जे बोलले ते मला बोलायला नको होतं, एवढंच. इथे सहा आठवडे आहोत. पत्ता पाकिटावर आहे.

तुमची सून



२९ सप्टेंबर

आई,

तुमचं उत्तर आलेलं नाही. यायलाच हवं असंही नाही. पण आता मला थांबता येत नाही म्हणून लिहिते.

बारा दिवसांपूर्वी आम्ही दोघी भाजी घेऊन परत येत होतो. टिटवी दोन पावलं पुढे होती. डावीकडून पार्सल पोचवणारा एक स्कूटरवाला येत होता, हॉर्न वाजवत. मला तो मागूनही ऐकू आला. टिटवी सरळ रस्त्यात उतरली. त्याने स्कूटर वळवली, स्वतः पडला, हिला नुसता धक्का लागला. कोपर आणि गुडघा खरचटला, बाकी काही नाही.  मी रागावेन असं त्याला वाटलं असणार, कारण हॉर्न वाजवला होता हे पटवायला तो पुन्हापुन्हा वाजवून दाखवत होता. टिटवी रस्त्याकडेला बसून गुडघा बघत होती. स्कूटर तिच्या डाव्या हाताला, दोन हातांवर. तिने मानसुद्धा वळवली नाही.

आई, एप्रिलमध्ये तुम्ही मला हेच सांगितलंत. व्हिडिओ कॉलवर वर्तमानपत्र तोंडापुढे धरून तुम्ही तिला काहीतरी विचारलंत आणि ती नुसती हसत बसली. तुम्ही म्हणालात, "हिला नीट ऐकू येत नाहीये गं. वर्गात अशी मुलं पाहिलीत मी. बाकी सगळं राहू दे, आधी कान दाखवा." त्यावर मी काय म्हणाले ते पुन्हा लिहिते, म्हणजे माझ्या हातचं लिहिलेलं तुमच्याकडे राहील. मी म्हणाले, "तुमच्या डोळ्यात आमचं फिरणं खुपतं, म्हणून पोरीत खोट काढताय." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिलाही तुमच्याशी बोलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. वयस्कर बाई आहेत, कमी बोलतात.

"कान वाहतो का?"

"अधूनमधून. थेंब घातले की थांबतो."

"थेंब कुणी दिले?"

मी म्हटलं, जिथे असू तिथला औषधवाला देतो. त्यांनी ते लिहून घेतलं. दुर्बिणीतून कानात बघायला वाकल्या आणि त्यांनी नाकावरचा मास्क नीट वर ओढला. तेव्हा मला कळलं. वास उशीचा नव्हता.

मग तपासणी. काचेची खिडकी असलेली छोटी खोली, आत टिटवी, कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. तिला खेळच वाटला. उजव्या कानाला तिने बऱ्याच वेळा दाबलं. मग तपासणाऱ्या मुलीने कान बदलला. मी तिच्या मागे उभी होते, आवाजाचे आकडे चढताना मला दिसत होते. टिटवी काचेतून माझ्याकडे बघून हसत होती, खेळ पुन्हा कधी सुरू होतो याची वाट बघत. खेळ कधीच सुरू झाला होता. मीही हसले. दुसरं काय करणार होते.

कानाच्या पडद्यामागे एक वाढ झाली आहे. गाठ म्हणतात तशी नाही, पण ती वाढत जाते आणि आतली नाजूक हाडं खात जाते. उजव्या कानात नुसतं पाणी साठलंय, ते काढता येईल. डाव्याचं ऑपरेशन करावंच लागेल, नाहीतर पुढे मेंदूपर्यंत धोका आहे. ऑपरेशन वीस ऑक्टोबरला ठरलंय. ऐकू येईल का विचारलं तर म्हणाल्या, उघडल्यावर सांगेन.

घरी येताना मी टिटवीला विचारलं, तुला त्या कानाने कधीपासून ऐकू येत नाही? तिने सांगितलं, मागच्या थंडीत विमानात बंद झाला. मग सांगितलं का नाहीस? म्हणाली, "मला वाटलं पुढच्या विमानात उघडेल." मग थोड्या वेळाने, "आणि तू हेडफोनमध्ये असायचीस."

तक्रार करत नव्हती हो. विचारलं म्हणून सांगत होती.

टिटवीच्या बाबाने हे सगळं ऐकलं आणि टेबलावर डोकं टेकून बसला. त्याची मीटिंग वाजत राहिली. त्या दिवशी तो बाथरूममध्ये गेला तो लॅपटॉप न घेता.

आणखी एक गोष्ट आहे. ती आज लिहवत नाही.

तुमची सून



२१ नोव्हेंबर

आई,

तुमचं पत्र ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मिळालं. पाकिटावर टिटवीचं नाव, आत मोठ्या सुट्या अक्षरांत दोन पानं, तुमच्या शेजारच्या मांजरीला चार पिल्लं झाली त्याची हकिगत. माझ्यासाठी त्यात एक ओळही नव्हती. बरोबरच होतं. तिने ते स्वतःच वाचलं, मला हात लावू दिला नाही, आणि हॉस्पिटलात नर्सबाईंना वाचून दाखवलं. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ऑपरेशन चार तास चाललं. वाढ काढली. चेहऱ्याची नस वाचली, ती जाण्याची भीती होती हे मला नंतर सांगितलं. उजव्या कानातलं पाणी काढून बारीक नळी बसवलीय, त्याने आता स्वच्छ ऐकू येतं. डावा गेला. वाढ कानाच्या अगदी आतल्या भागापर्यंत पोचली होती. यंत्र लावूनही उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. वाढ पुन्हा येऊ शकते, म्हणून दहा महिन्यांनी परत उघडून बघायचं, आणि तोवर दर महिन्याला एकाच डॉक्टरला दाखवायचं. "एकाच," असं त्यांनी दोनदा म्हटलं.

टिटवीला मीच सांगितलं. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून, तिच्या उजव्या बाजूला. हा कान आता बरा होईल, दुखणार नाही, पण ऐकणार नाही. तिने विचारलं, "मोठी झाल्यावर?" मी म्हटलं, तेव्हाही नाही. तिने बराच वेळ चपलेचा पट्टा काढला, लावला, काढला. मग म्हणाली, "कुणाला सांगायचं नाही हं." रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

टिटवीचा बाबा इथे नाही. आमची या देशात राहायची मुदत संपत होती. आजारी मूल आणि त्याच्यासोबत एक पालक, एवढ्यांनाच वाढवून मिळाली. तो पुढच्या गावी गेला, जिथलं घर आधीच ठरवून ठेवलं होतं. मुदत हे कारण खरं आहे. पण तेवढंच कारण आहे असं मला वाटत नाही. तो गेला त्याच्या तीन दिवस आधी मी त्याला ती गोष्ट सांगितली होती. आता तुम्हाला सांगते.

फेब्रुवारीत, आम्ही सोळाव्या घरात होतो तेव्हा, टिटवीचा कान पहिल्यांदा वाहिला. बाबा कामात होता, मी एकटीच तिला घेऊन गेले. लहान मुलांचे डॉक्टर होते, तरुण, घाईतले, पण त्यांनी कान नीट बघितला. पडद्याला भोक दिसतंय आणि मागे काहीतरी पांढरं दिसतंय, असं म्हणाले. कागदावर लिहून दिलं: कानाच्या तज्ज्ञांना दाखवणे, तीन आठवड्यांच्या आत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला निघायचं होतं. माझ्याकडे अकरा तासांचं ऐकायचं काम आलं होतं, चार दिवसांत द्यायचं होतं. मी तो कागद घडी करून पासपोर्टच्या पिशवीत ठेवला. घरी येऊन त्याला म्हटलं, "थेंब दिलेत, बाकी काही नाही."

पुढच्या मुक्कामी दाखवू असं मनाशी म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. पण तिथे गेलो तेव्हा कान कोरडा होता, ती खेळत होती, आणि त्याने विचारलं असतं की आता कशाला. मग सांगावं लागलं असतं. प्रत्येक मुक्कामाला ते आणखी अवघड होत गेलं. पासपोर्ट काढताना तो कागद दर वेळी हाताला लागायचा. मी तो टाकूनही दिला नाही.

तुम्ही वर्तमानपत्र तोंडापुढे धरलंत तेव्हा ती पिशवी माझ्या मांडीवर होती. निघायची तयारी चालली होती. म्हणून मी तुमच्यावर तेवढी ओरडले. तुम्ही खोटं बोलत होतात म्हणून नाही.

ऑपरेशननंतर मी डॉक्टरांना एकांतात विचारलं, फेब्रुवारीत आले असते तर? त्या म्हणाल्या, "अशा प्रश्नांची उत्तरं देऊन काही उपयोग नसतो." मी म्हटलं, मला द्या. तेव्हा म्हणाल्या, बहुतेक वाचला असता.

तो हे ऐकून एवढंच म्हणाला, "मला सांगायचंस तरी." तेव्हापासून रोज फोन करतो, औषध घेतलं का विचारतो, टिटवीला हसवतो, आणि फोन आईला दे असं तिला म्हणत नाही. तुमच्या मुलाला दोष देऊ नका. त्याला खरोखरच माहीत नव्हतं.

माझं काम बंद आहे. दोनदा बसून बघितलं. समोरचा माणूस काय म्हणतोय ते ऐकू येतं, पण लिहिता येत नाही. टिटवी टेबलाच्या पलीकडे असते आणि मला चिठ्ठी लिहायला पेन्सिल शोधते. बोल गं, मी ऐकतेय, म्हटलं तरी सवयीने चिठ्ठीच लिहिते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर तिला विमानात बसायची परवानगी आहे. तुमच्याकडून बसने अर्ध्या तासावर कानाचं मोठं हॉस्पिटल आहे, इथल्या डॉक्टरांनी तिथल्या सरांना पत्र दिलंय. तिला एका जागी राहायला हवं, दर महिन्याला तेच हात तिचा कान बघायला हवेत, आणि शाळेत पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसवायला सांगणारं कुणीतरी हवं. हे सगळं तुम्हाला येतं. मला यातलं एकही करता आलेलं नाही.

मी तिला तुमच्या दारापर्यंत आणून पोचवीन. मला आत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तर मी जवळपास खोली बघीन, आणि तुम्ही ज्या दिवशी ये म्हणाल त्या दिवशी हॉस्पिटलात येऊन बाहेरच्या बाकावर बसेन. माफी मागायची म्हणून हे लिहिलेलं नाही. माफ करायचं झालं तर ते तिने करायचं, आणि तिला अजून ठाऊकच नाही की आईच्या पिशवीत एक कागद होता. मोठी झाली की मीच सांगेन. त्याआधी मला काही झालं, तर तुम्ही सांगा.

तिला घ्या, आई.

टिटवीची आई