शेणाची टोपली

चांदूर रेल्वे, ऑगस्ट १९६४

चि. धर्मपाल यास ताईचा जयभीम.

परवा सकाळी तळ्यावर नातीचे कपडे धूत होते, तर पाण्याला कपाशीवरच्या औषधाचा वास. पितो तेच पाणी, आणि फवारणीचे पंप तिथंच धुतात. शेतकीचे साहेब तिथं आले होते, ते म्हणाले, "गाळातले जंतू हे औषध खातात. घरटी टोपलीभर शेण टाका. जंतू वाढतील, पाणी लवकर साफ होईल."

मी म्हटलं, "साहेब, शेण भेटल्यावर ते जहर काहून खातीन?"

साहेब हसले. पाण्याचा घोट मात्र घेतला नाही.

तुझे दाजी असते तर त्यांनीच विचारलं असतं. आम्ही बऱ्या आहोत. तुमच्याकडे पंप कुठं धुतात?

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी शेण टाकलं. मी गोवऱ्या थापल्या आणि नातीसाठी स्टेशनच्या नळावरून पाणी आणलं.

तुझी सुंदराताई