क्लेमची हिरवी पँट

७ जून
डॉक्टरांनी क्लेमच्या तोंडावर म्हटलं — 'गॉन्ट'! म्हणजे खंगलेला, गालफडं बसलेला, हाडांवर नुसती कातडी. हिवाळ्यातल्या न्यूमोनियाची कृपा. "आधी अंगात मांस भरू दे, मग खुब्याचं ऑपरेशन. तोवर हात लावणार नाही." नवरा माझा, त्याला नावं ठेवायचा हक्क माझा एकटीचा!

८ जून
शब्दकोश काढला. शब्द कुठून आला, नक्की कुणालाच ठाऊक नाही. बहुधा समुद्रापलीकडून — नॉर्वेकडच्या बोलीत अणकुचीदार काठी, आणि तसाच लुकडा, उंच माणूस. क्लेमला वाचून दाखवलं. खूश! "म्हणजे घेवड्याच्या वेलाला तरी उपयोगी आहे मी." चमचाभर खीर जास्त खाल्ली. विद्वानांचा कुणाला तरी उपयोग झाला.

१९ जून
शेजारच्या मिसेस थर्टलनी डंपलिंग आणले, कणकेचे उकडलेले गोळे — एकेक तोफगोळा. "खा रे बाबा, नाहीतर वाऱ्यानं उडशील." दोन खाल्ले! मी केले की भूक नसते.

४ जुलै
बुजगावण्यांची स्पर्धा आली. गावातल्याच कुणाचं तरी करायचं, कपडे त्याचेच. मिसेस थर्टलना यंदा क्लेम हवा. तपकिरी कोट, हिरवी कॉर्डरॉयची पँट — दिली. आता ती त्याला इतकी ढगळ, की आत पोहावं.

२० जुलै
बुजगावणं चर्चच्या फाटकाच्या छपराखाली. पेंढा ठासून भरलेला, पोट सुटलेलं — अगदी जुना क्लेम! पाद्रीबाई लांबूनच, "वा क्लेमंट, तब्येत सुधारली की!" शेजारी खरा क्लेम, काठी टेकून. त्याच्याकडे बघून म्हणतात, "आणि हे बुजगावणं कुणी केलं?" इतका हसला, की खुर्ची द्यावी लागली. पहिलं बक्षीस! मीही हसले. घरी येऊन पुडिंगवर साय जास्त घातली.

२ सप्टेंबर
पुन्हा डंपलिंग. पुन्हा दोन. दिवसभर नाडीच्या पायजम्यात लोळतो. वजनकाट्यावर चढत नाही — "डॉक्टरच सांगू देत काय ते."

१४ ऑक्टोबर
उद्या डॉक्टर. हट्ट — हिरवी पँटच हवी! सुगीचा सण झालाय, बुजगावण्याचं काम संपलं, म्हणून त्याची उतरवून आणली. झटकली, पेंढा अजून निघतोय. पट्ट्याला आतलं नवं भोक पाडून ठेवलंय.

१५ ऑक्टोबर
पट्टा तसाच खुर्चीवर. पँटचं बटणच लागेना!