दोन विती आणि वर

२ नोव्हेंबर, रविवार
आज यांच्याशी खोटं बोलले. चौतीस वर्षांत भांडले, अबोला धरला, पण खोटं कधी बोलले नव्हते. कुणाला सांगता येत नाही, म्हणून शाळेतल्या उरलेल्या वहीत लिहून ठेवते.

पहाटे यांच्या मित्राच्या, लछूभाईंच्या गाडीतून गळ टाकायला निघालो. रेवदंड्याच्या पुढचा नेहमीचा कातळ. हे सोबत नाहीत अशी ही दुसरी खेप. भरती दहाच्या सुमारास होती. साडेनऊला गळाला पालू मासा लागला. दोनदा दोरा बोटं कापत गेला, तिसऱ्यांदा वर आला. काळसर पाठ, रुपेरी कुशी, कालवं फोडणारे जाड दात. वितीनं मोजला. दोन विती आणि चार बोटं. पाठीवरच्या काट्यांपैकी तिसऱ्याचं टोक छाटलेलं.

म्हणजे यांचाच. दोन विती किंवा वर भरलेला पालू हे कधी घरी आणत नाहीत. पकडीनं तिसऱ्या काट्याचं टोक छाटायचं आणि पाण्यात सोडायचा. तोच पुन्हा सापडला तर चौथा काटा. सव्वीस वर्षं हा नेम. मी चौथा काटा छाटायला गळांचा डबा उघडला तर पक्कड नाही. तसाच सोडला.

आणि हेच दिवाळीपासून मागताहेत. जुलैतल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर तोंडातून एका वेळी एकच शब्द निघतो. "मोठा." मग दम घेऊन, "आण." मग "कालवण." जेवण चार-पाच चमच्यांवर आलं आहे.

घरी आले. यांनी भुवया उचलल्या. मी म्हटलं, "काही लागलं नाही. पाणी गढूळ होतं."

पाणी काचेसारखं होतं.

४ नोव्हेंबर
लिफ्ट गणपतीपासून बंद. हे जुलैपासून खाली उतरलेले नाहीत. मी उतरते ती दुधाला नाहीतर औषधाला, तीही घड्याळ बघत. पूर्वी पलंगावरून डोंगराची सगळी रांग दिसायची. आता समोर टॉवर, आणि त्याच्या गॅलरीत कुणाचे तरी ओले टॉवेल. शिरगावात नवीन आलो तेव्हा वाऱ्यानं झोप लागत नसे. आता पंखा लावते.

हाक मारता येत नाही म्हणून हे डाव्या हातानं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. दोन ठोके पाणी. तीन ठोके बाथरूम. नुसते सारखे वाजवले तर मी कुठे आहे एवढंच बघायचं असतं. आज तसं अकरा वेळा. बाराव्या वेळी मी गेले नाही. मग गेलेच.

पक्कड कुठेच नाही. शेवंताला विचारलं. यांना उचलायला, पुसायला ती येते, बारवीकडच्या पाड्यावरून. जरा कडकच विचारलं असेल.
"मना काय ठावं, बाय? तुमची पक्कड नेऊन मी कोनाचं दात उपटू?"
हे हसले. तिच्या बोलण्यावर हसतात.

६ नोव्हेंबर
नेम यांचा म्हणतात सगळे. मूळ माझं आहे.

मृणाल तेव्हा तीन-चार वर्षांची असेल. हे असाच थोरला पालू घेऊन आले, मी चिरायला बसले, पोटात दोन्ही बाजूंना अंड्यांची गाभोळी भरलेली. मी बी.एस्सी.ची फुशारकी मारली. म्हटलं, हा मासा लहानपणी नर असतो, वाढला की मादी होतो. म्हणजे जेवढे थोरले तेवढ्या बहुतेक सगळ्या माद्या. तुम्ही नेमक्या त्याच आणता. हे हसले. "म्हणजे मी इतकी वर्षं आयांनाच मारतोय?" मला वाटलं, विसरले.

पुढच्या खेपेला हात हलवत आले. दोन विती होता, सोडला म्हणाले. तेव्हा भांडलेही मीच. अख्खा रविवार घालवून घरात अंडी शिजवायची?

सांगितलं मी, पाळलं त्यांनी.

९ नोव्हेंबर, रविवार
लछूभाई यांना भेटायला आले. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये बटणांचं दुकान आहे त्यांचं. यांच्याशी तीस वर्षांची मैत्री. सोबत कोकीचा, त्यांच्या जाड सिंधी पोळ्यांचा डबा. मी स्वयंपाकघरात दूध तापवत होते. बाहेरून आवाज आला, "अरे साईं, भाभीनं काय मासा काढला! देख, देख, दो बालिश्त से ऊपर!"

दूध उतू गेलं.

त्यांनी मोबाईलवर शूटिंग केलेलं मला ठाऊकच नव्हतं. माझे हात, मासा, छाटलेला काटा, मग पाणी. संपलं की हे पेला वाजवायचे. पुन्हा. पाच वेळा पाहिलं. त्या काट्यापाशी यांचं बोट काचेवर टेकायचं आणि चित्र थांबायचं.

मग माझ्याकडे वळून, "खोटं."

एरवी एका शब्दाला किती दम लागतो. हा सरळ आला.

लछूभाई जिन्यात म्हणाले, "भाभी, मला काय माहीत? मला वाटला तुम्ही सांगितला असेल. ऐसी मछली का कोई बोलेगा नहीं क्या?"
"तुमची काही चूक नाही," म्हटलं. खरंच नव्हती.

११ नोव्हेंबर
माझ्या हातून तोंड उघडत नाहीत. शेवंता भरवते. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकते.
"घ्या बाबा. बायवर राग हाय ना, भातावर कश्याला काढता?"
चार घास गेले. काल तीन.

मी इतकी मुलं शिकवली. खोटं बोलणाऱ्याला वर्गाबाहेर उभं केलं. आता स्वतः

१६ नोव्हेंबर, रविवार
मूर्खपणा केला. लिहायची लाज वाटते, तरी लिहिते.

सकाळी स्टेशनजवळच्या बाजारात गेले. कोळणीकडे पालू होता, दोन विती भरेल असा. घेतला. वाटलं, खाल्ल्याशी कारण. लसूण, लाल तिखट, कोकम, यांना लागतं तसं पातळ कालवण. डोकं वेगळं काढून ताटात ठेवलं, डोकं यांना आवडतं. म्हटलं, "लछूभाई काल जाऊन आले. त्यांनी पाठवलाय."

तोंडाजवळ घास नेला, उघडलं नाही. डावा हात ताटात घातला. डोकं उचललं. तर्जनी माशाच्या ओठावर फिरवली. आतून, बाहेरून. वरचा ओठ, खालचा ओठ, जबड्याचा कोपरा. सावकाश, एखादा चष्मा शोधावा तसं.

गळाचं भोक नव्हतं. जाळ्यातला मासा.

डोकं ताटात परत ठेवलं. बोट माझ्या पदराला पुसलं.

कालवण शेवंता घरी घेऊन गेली.

१९ नोव्हेंबर
डॉक्टर येऊन गेले. वजन आणखी उतरलं आहे. "मॅडम, पथ्य विसरा. जे मागतील ते द्या. असंच चाललं तर नळी घालावी लागेल." यांच्यासमोरच म्हणाले. यांनी डोळे मिटले.

संध्याकाळी पुण्याहून मृणालचा फोन.
"आई, एक मासा गं! समुद्र काय आटणार आहे?"
"दोन विती आणि वर असला की सोडायचा. ठरलेलं आहे."
"ठरवलं बाबांनी. मोडायला सांगतायत तेही बाबाच. तू मध्ये कोण?"
शाळेत असा प्रश्न कुणी विचारला असता तर शाबासकी दिली असती.

सव्वीस वर्षं ज्यांनी सोडले ते हे, की चार महिने जे पलंगावर आहेत ते हे? कुणाचं ऐकायचं? आजारपण बोलतंय असं म्हणावं, तर मग "खोटं" म्हणाले तेही आजारपणच म्हणावं लागेल. ते तसं नव्हतं. पूर्ण शुद्धीतलं होतं.

शेवटी मृणाल हळूच म्हणाली, "आणि आई, त्या अंकलबरोबर एकटी नको जाऊस. सोसायटीत बोलतात."
"बोलू देत. त्यांना म्हणावं, लिफ्टबद्दलही बोला."

२३ नोव्हेंबर, रविवार
आज पंधरा दिवसांनी माझ्या हातून पाणी घेतलं. शेवंता नव्हती म्हणून.

पाणी देताना मी विचारलं, "मोठाच हवा?"
"मोठा."
"माहीत आहे ना पोटात काय असतं ते?"
छताकडे बघितलं. मग, "आण."

ठरलं. पुढच्या रविवारी आणणार. मिळाला तर. मिळू नये असं वाटतं. मिळाला नाही तर यांचा विश्वास बसणार नाही. दोन्हीकडून मीच.

२६ नोव्हेंबर
आदल्या दिवशीपेक्षा एक घास कमी. शेवंतानं रविवारी दिवसभर थांबायचं कबूल केलं. "तुमी जा बाय. मी हाय, आनि बाबा कुठं पलून जातान?" यांनी पेला वाजवून दाद दिली. मला हसू आलं नाही, पण यायला हरकत नव्हती.

३० नोव्हेंबर, रविवार
भरती आज लवकर, नवाच्या आत. कातळाच्या टोकाशी बसले, जिथे हे बसायचे. पायाखालची कपार ओली. दोन वर्षांपूर्वी इथेच म्हणाले होते, "तुझा हात माझ्याहून हलका आहे. तुला आधी कळतं." तेव्हा मी म्हटलं, उगाच चढवू नका.

आधी दोन बारके आले, वीतभराचे. ठेवले. लछूभाई म्हणाले, "भाभी, बस करो. दोन हैं ना. चलो."
"नाही."

साडेआठला तो हिसका आला. मला आधी कळलं. दोरा सैल सोडला, ओढला, सोडला. लछूभाईंनी खाली जाळी धरली. वर घेतला. मोजायची गरज नव्हती, तरी मोजला. दोन विती आणि तीन बोटं. काटे पाहिले. तिसरा शाबूत, चौथा शाबूत, सगळे शाबूत. यांच्या हाताखालून कधी न गेलेला. पोटाला अंगठा लावला. घट्ट. भरलेली.

कातळातल्या डबक्यात ठेवला. गळ ओठातच. कल्ले उघडत, मिटत होते. भरतीचं पाणी डबक्यापासून हातभर खाली. आणखी चढलं असतं तर निर्णय पाण्यानंच घेतला असता. मी पाण्याची वाट बघत होते का? बहुतेक बघत होते.

लछूभाई सारखे बोलणारे. आज पाठ करून समुद्राकडे बघत उभे होते. मोबाईल खिशात. एकदाच म्हणाले, "जो करना है करो भाभी. मैं किसी को कुछ नहीं बोलूँगा."
"मी बोलणार आहे," म्हटलं.

सुरीच्या मुठीनं डोक्यावर एक घाव. एकाच घावात झालं. गळ काढला नाही. दोरा ओठापासून वीतभर ठेवून कापला. बर्फात ठेवला.

पेण येईपर्यंत बर्फाचा डबा मांडीवरच धरून बसले.

संध्याकाळ, घरी.
मोठं ताट घेतलं तरी शेपूट बाहेर. यांच्या मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर ताट. शेवंता उशी लावून मागे बसली. मी म्हटलं, "मी धरला. आज साडेआठला. दोन विती आणि तीन बोटं. सोडता आला असता. मारला. बघून घ्या."

बोट ओठावर गेलं. गळ लागला. दोऱ्याचं टोक धरून हळूच ओढून पाहिलं, घट्ट होता. मग बोट पाठीवर. काटे मोजले. पहिला, दुसरा. तिसऱ्यावर थांबलं. टोक होतं. पुन्हा मोजले. मग पोटावर पंजा ठेवला, आणि तसाच ठेवला. खूप वेळ. पेल्याला हात लावला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं. पण ते झटक्यानंतर एरवीही येतं. त्यावरून काही ठरवता येत नाही.

मी विचारलं, "कालवण करू?"

हात गादीखाली गेला. चाचपडले. बाहेर आली ती पक्कड. माझ्यापुढे धरली.

पक्कड गंजलेली नाही. सांध्याला तेल. मी शेवंताकडे पाहिलं.
"माज्याकडं काय बघता? त्यानीच लपवाया लावली, भादव्यात. बायला नको देऊ, बोलले. म्हंजे बोटानं दाखवलान. खोबऱ्याचं तेल मी लावतंय, दर सोमवारी."
"मी तुला चोर ठरवलं."
"ठरवलांव," म्हणाली. "मी पन मनात तुमाला काय काय ठरवलंय."

त्यांच्या जागी दुसऱ्या कुणी काटा छाटू नये, एवढंच यांच्या मनात असेल. मोठा मागतही तेवढ्यासाठीच असतील, घरी आणला की छाटून सोडायचा प्रश्नच नाही. माझा अंदाज. विचारलं नाही.

नोंद असावी म्हणून:

मी यांना दिलं: पालू, एक. दोन विती तीन बोटं. मादी, गाभोळीसह. ओठात गळ.

यांनी मला दिलं: पक्कड, एक. चालू स्थितीत.

गळ काढायला दिली की पुढच्या रविवारसाठी, ते बोलले नाहीत. मासा ओट्यावर आहे. पाणी उकळायला ठेवलं आहे. आतून पेला वाजतो आहे, सारखा.