कणकुंबीला रेंज नसते

मी, भावकू मष्णू देसूरकर, वय वर्षे बहात्तर, पूर्वी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत पॅटर्न मेकर, आता काही नाही, राहणार हिंडलगा, तालुका व जिल्हा बेळगाव, आज रविवारी सकाळी आंघोळ उरकून, चहा घेऊन, हे मृत्युपत्र सांगत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी दम दिलेला नाही, कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात दुसरे कोणी नाहीच. टाईप करणारा माझा शेजारी मारुतीराव. तो तीस वर्षे कोर्टात टायपिस्ट होता, त्यामुळे मधून मधून "हे मृत्युपत्रात बसत न्हाय" म्हणतो. मी त्याला सांगितले आहे की तू टाईप कर, बसवायचे मी बघतो. लाकडाला लाकूड बसवण्यातच माझा जन्म गेला.

हे मराठीत आहे. नोंदणीला कन्नड लागले तर भाषांतर मारुतीरावाने करावे. माझ्या बायकोचे बोलणे मात्र आहे तसेच मराठीत ठेवावे.

कलम १. हिंडलग्याचे घर, मागची शेड आणि फणसाच्या झाडासह परसू, हे माझ्या कष्टाचे आहे, वाडवडिलांचे नाही. ते सगळे माझी एकुलती मुलगी ऋतिका हिला. विकायचे असेल तर खुशाल विकावे. मी भूत होऊन माळ्यावर बसणार नाही. फणस कापण्याआधी एकदा विचार करावा, एवढेच.

कलम २. बँकेत जे काही असेल ते, आणि तिची आई कै. मनुबाई हिच्या पाटल्या व मोहनमाळ, हेही ऋतिकाला. पाटल्या कपाटात नाहीत. तांदळाच्या डब्यात आहेत. मनुबाईने ठेवल्या तिथून मी हलवलेल्या नाहीत, तांदूळ मात्र बदलतो.

कलम ३. माझा धाकटा भाऊ आण्णाप्पा याने माझी लांब शिडी नेली ती परत आणलेली नाही. ती आता त्याचीच समजावी. मात्र माझ्या दिवसकार्याला त्याने जेवावे आणि गप्प बसावे. मनुबाईच्या दिवसकार्याला हा गृहस्थ भर अंगणात म्हणाला, "पोरगीला परदेशात धाडून काय मिळालं? आईला पाणी घालायला न्हाय आली." आई गेल्याचे कळून धावत आलेली ऋतिका तेव्हा उंबऱ्यात उभी होती. माझ्या अंगणात त्याला पुन्हा भाषण करता येणार नाही.

कलम ४. माझी हत्यारे, म्हणजे रंधे, पटाश्या, करवती, वाकस आणि मोठा शिकंजा, रवळूला. त्याने माझ्या शेजारच्या बाकावर वीस वर्षे काम केले आहे. आता त्याचीही दाढी पांढरी झाली, पण पटाशीला धार त्याच्यासारखी कोणी लावत नाही. गंजू देऊ नये. गंजलेली बघितली तर मी वर बसून शिव्या देईन.

मारुतीरावाला काही दिलेले नाही. साक्षीदाराने काही घेऊ नये असे तोच सांगतो. माझ्या आरामखुर्चीवर त्याचा डोळा आहे, पण आता कायदाच आडवा आला त्याला मी काय करू?

कलम ५. एक हत्यार रवळूला नाही. लाकडी, दुमडणारी, पितळी बिजागरीची माझी पट्टी. ओतलेले लोखंड थंड झाले की आकसते, मीटरला साधारण एक सेंटीमीटर. म्हणून लाकडाचा नमुना करताना तेवढा मोठा करावा लागतो, आणि आमच्या पट्टीवरचा सेंटीमीटर मुळातच किंचित मोठा असतो. चाळीस वर्षे ही पट्टी माझ्या खिशात आहे. ही ऋतिकाला. का ते सांगतो. मारुतीराव, आता थांबवायचे नाही.

२०२४ च्या मे महिन्यात ऋतिकाने मला इटलीला नेले. तिकडे तुरीन शहरात ती पंपांची डिझाईन करते. वर्षभराची सुट्टी साठवून तिने ओर्ता नावाच्या तळ्याकाठी आठ दिवसांसाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. तळे केवढे म्हणाल तर आपले राकसकोपचे धरण त्याच्या एका कोपऱ्यात बसेल. चारी बाजूंना डोंगर, मध्ये बेट, आणि काठाशी पाणी इतके नितळ की तळाचे गोटे मोजावेत. परत आल्यावर मी गल्लीत सगळ्यांना सांगितले, लई मज्जा आली. ते खोटे आहे.

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही काठावरच्या बाकावर बसलो. तिने थर्मासातला चहा ओतला आणि म्हणाली, "आप्पा, तुम्हास्नी इथं का आणलंय ठाऊक हाय?"

"सुट्टी हाय म्हणून."

"न्हाय. आई दवाखान्यात होती त्या तीन आठवड्यांत ती काय म्हणत होती, मला सांगा. घरात विचारलं की तुम्ही पिशवी घेऊन भाजीला जाताय. इथं भाजी न्हाय."

मी पाण्याकडे बघितले. शंभरेक पावलांवर एका शेडमध्ये एक म्हातारा लाकडी होडीला फळी बसवत होता. मला वाटले, चुकीच्या बाजूने ठोकतो आहे. मी उठलो. म्हटले, "आलोच." ते "आलोच" सात दिवस चालले.

त्या मिस्त्रीचे नाव आल्दो. त्याला मराठी येत नाही, मला इटालियन येत नाही, त्यामुळे आमचे फार चांगले जमले. तो काही विचारू शकत नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने मला एक फळी कापायला दिली. मी खिशातून पट्टी काढली, माप घेतले, कापली. फळी बोटभर लांब निघाली! चाळीस वर्षांची सवय, दुसरे काय. आल्दो हसता हसता खोकायला लागला. माझी पट्टी आपल्या टेपशेजारी ठेवून त्याने मला फरक दाखवला, जसा काही मला ठाऊकच नव्हता.

ऋतिका रोज यायची. शेडबाहेर एक होडी पालथी घातली होती, तिच्यावर बसायची. हातात दोन कप कॉफी, एक तिची, एक माझी. माझी थंड व्हायची. मी आतून रंधा मारत राहायचो आणि ती पाण्याकडे बघत राहायची. पाचव्या दिवशी ती आली नाही. मी तीनदा बाहेर डोकावलो. आता कोणी विचारणारे नाही म्हणून बरे वाटायला हवे होते. नाही वाटले. त्या अख्ख्या तळ्याकाठी मला ओळखणारे एकच माणूस होते आणि त्याला मी दमवले होते. संध्याकाळी खोलीवर गेलो तर तिने पिठले-भात करून ठेवला होता. पीठ मीच बेळगावाहून नेलेले. म्हणाली, "आल्दो बरा हाय न्हवं?" म्हटले, "बरा हाय." जेवलो.

शेवटच्या दिवशी आम्ही लाँचने बेटावर गेलो. तिथे एक मठ आहे आणि मठाभोवतीच्या गल्लीत शांततेच्या पाट्या लावल्या आहेत. ऋतिकाने वाचून सांगितले की इथे लोक मुकाट्याने चालतात. मला ती गल्ली सगळ्यात आवडली. बेटाला पूर्ण फेरी मारून लाँचपाशी परत आलो तेव्हा पोरीचे डोळे लाल होते. मी म्हटले, वारं लई हाय.

विमानतळावर ती म्हणाली, "आप्पा, मी विचारलं ते राहिलं."

मी म्हणालो, "बॅगचं वजन जास्त झालं काय बघ."

तर पट्टी ऋतिकाला. आणि माझा छोटा रंधा, हत्यारांतून बाजूला काढून, आल्दोला. तो तिने स्वतः नेऊन द्यावा, त्या पालथ्या होडीवर बसावे आणि दोन्ही कॉफी गरम आहेत तोवर प्याव्यात.

कलम ६. ऋतिका, आता उत्तर.

२०२२ च्या जुलैत तुझ्या आईची किडनी बिघडली. बेळगावात दवाखान्यात ठेवली. तुझी नोकरी कच्ची होती, परमिटचे कागद अडकले होते. आता बाहेर पडले तर परत आत घेतील का ठाऊक नाही, असे तूच म्हणाली होतीस. मी ठरवले की तुला सांगायचे नाही. तुझा रविवारचा फोन आला की म्हणायचो, आई माहेरी गेलीया, कणकुंबीला, तिथं रेंज न्हाय. तिन्ही रविवारी हेच. आणि तिकडे खाटेवर तुझ्या आईला सांगायचो, पोरीनं तिकीट काढलंय. दोघींना दोन खोटी सांगितली, आणि दोन्ही माझी.

ती काय म्हणत होती? पहिल्या आठवड्यात म्हणाली, "पोरीला सांगू नकासा, घाबरल." हे खरे आहे, आणि मी एवढेच धरून बसलो. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "आता तिला बोलवा." हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी तिने नर्सकडून केस विंचरून वेणी घालून घेतली. म्हणाली, "उद्या पोर येणार. असल्या अवतारात बघितलं तर रडल." रविवारी दिवसभर बाहेर पाऊल वाजले की मान वळवायची. संध्याकाळी मला म्हणाली, "विमान उशिरा असंल." मी म्हटले, "व्हय." सोमवारी ती गेली.

तुझ्यावर रागावून नाही गेली. तुझी वाट बघत गेली. वाट बघायला मी लावले होते.

आण्णाप्पा अंगणात बोलला तेव्हाच मी सांगायला पाहिजे होते की पोरीला कळवलेच नव्हते, चूक माझी. मी काय करत होतो? मंडपवाल्याच्या खुर्च्या मोजत होतो. तुला बातमी झेपणार नाही असे धरून मी माप घेतले होते. माप चुकले. तुला झेपले असते, मलाच झेपले नाही.

म्हणून कलम ३ मधली आण्णाप्पावरची बंदी मी उठवत आहे. त्याने बोलावे. त्याला मी खरे सांगितले नव्हते तर तो तरी काय करणार? मारुतीराव म्हणतो, मग वरचे खोडू या. खोडू नको. राग होता तेही कागदावर राहू दे. शिडी त्याचीच.

कलम ७. ही अट आहे, आणि ती सगळ्यांना लागू आहे. माझ्या दुखण्याची बातमी ऋतिकापासून लपवायची नाही. साधा ताप आला तरी कळवायचे. तिची परीक्षा असो, नोकरी असो, बाळंतपण असो, यायचे का नाही ते तिने ठरवावे. जो लपवेल त्याचे या मृत्युपत्रातले नाव रद्द समजावे, मग त्याला शिडी दिलेली असो की पटाशी.

कलम ८. वरचे कलम टाईप करून मारुतीराव थांबला आहे. चष्मा काढून माझ्याकडे बघतो आहे. म्हणाला, "भावकू, ह्या हिशेबानं पहिला बाद तूच होतोस रं."

खरे आहे. तर लिही. जुलैच्या शेवटी माझ्या पोटाचा स्कॅन झाला. गाठ आहे. डॉक्टरांनी नाव सांगितले, किती महिने ते सांगितले नाही, मीही विचारले नाही. हे या मारुतीरावाला ठाऊक आहे आणि मला दवाखान्यात ने-आण करणाऱ्या रिक्षावाल्या देवाप्पाला ठाऊक आहे. दोघांनाही मीच गप्प बसवले. त्यांना काही दिलेलेच नाही म्हणून ते सुटले. मी स्कॅनसाठी दवाखान्यात होतो त्या रविवारी, आणि पुढच्याही, फोन बंद ठेवला. दहा ऑगस्टला ऋतिकाचा फोन लागला. "दोन आठवडं कुठं होता, आप्पा?" माझ्या तोंडून निघून गेले, "कणकुंबीला गेलतो गं. तिथं रेंज न्हाय."

ती म्हणाली, "कणकुंबीत टॉवर झालाय, आप्पा. मागच्या वर्षीच." आणि फोन ठेवला.

त्याला आज पाच आठवडे झाले. तिचा फोन नाही. मी करत नाही. रविवारी मोबाईल पुसून आरामखुर्चीच्या हातावर ठेवतो, जेवताना ताटाशेजारी ठेवतो. पोरी, मला लई एकटं वाटतंय. हे कायद्यात बसत नसेल तरी टाईप कर, मारुतीराव.

कलम ९. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचा रिवाज आहे. मी तो मोडत आहे. ही पाने सहीच्या आधी मारुतीराव मोबाईलवर फोटो काढून ऋतिकाला पाठवेल. मलाही पाठवता येतात, पण मी ऐन वेळी पिशवी घेऊन भाजीला जाईन.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. खोटे पुष्कळ केले आहे, तेवढे या कागदाने रद्द होईल तर बघावे.

ठिकाण: हिंडलगा, बेळगाव
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार

साक्षीदार:
१. मारुतीराव, निवृत्त टायपिस्ट, शेजारी. मजकूर मीच टाईप केला. भावकूने एकही शब्द वगळू दिला नाही.
२. देवाप्पा, रिक्षाचालक, हिंडलगा.

सही करताना माझ्या हाताने केलेली नोंद: पाने बारा वाजून दहा मिनिटांनी पाठवली. तिकडे सकाळ असते. आम्ही तिघे मोबाईलभोवती खुर्च्या ओढून बसलो. बारा बत्तीसला माझा मोबाईल वाजायला लागला, अजून वाजतो आहे. देवाप्पा "आधी फोन घ्या" म्हणून ओरडतो आहे. सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे, दोन्ही साक्षीदारांनी बघितली आहे. फोन घेतो.

(सही) भावकू मष्णू देसूरकर