टक्के मास्तरांनी पत्ते टाकले नाहीत

४ फेब्रुवारी, रविवार

तीन चिप्स! हातात दोन अठ्ठ्या, टेबलावरच्या सगळ्यांच्या सामाईक पत्त्यांत तिसरी अठ्ठी आणि दोन राजे. फुल हाउस! पोकरमध्ये असा पत्ता मला वर्षातून एकदा दिसतो, आणि पदरात काय पडलं? तीन प्लास्टिकच्या चिप्स. मी आनंदाने वीस लावल्या आणि तिघांनी टपाटप पत्ते टाकून दिले.

नवरा म्हणतो, "अगं, चांगला पत्ता आला की तू बेट लावत नाहीस, दवंडी पिटतेस." ह्याची थोरली बहीण – ताई, दोन मजले वर राहते – तिने आणखी मीठ चोळलं. "मी तर स्वतःचे पत्ते बघतच नाही. हिचा हात गळ्याकडे गेला की टाकून मोकळी होते." आणि तळमजल्यावरचे मास्तर! गणित शिकवून निवृत्त झाले, पण टक्केवारी काढल्याशिवाय चहासुद्धा पीत नाहीत. म्हणून टक्के मास्तर. ते म्हणाले, "अकरा टक्के. नाही परवडत."

ज्याच्याकडे सगळ्यात कमी चिप्स, त्याने कपबशा विसळायच्या. वर्षभर मीच विसळतेय. आज विसळता विसळता जाहीर करून टाकलं – पुढच्या रविवारपासून मी नाही! तुम्ही तिघं खेळा, मी आत पडून राहीन.

उद्या गळ्यातल्या गाठीची तपासणी. सुई घालून बघणार आहेत. हात गळ्याकडे जातो तो हल्ली पत्त्यांमुळेच जातो असं नाही, पण ते ताईला कशाला सांगू.

५ फेब्रुवारी

दुखलं नाही फारसं. वाट बघून जीव मात्र मेटाकुटीला आला. बाकावर बसल्या बसल्या हा म्हणाला, "आलोच आहे तर माझंही सगळं तपासून घेतो. एका फेरीत दोन कामं." लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची अक्कल – रिकामी फेरी नको!

शनिवारी कळेल म्हणाले.

८ फेब्रुवारी

गाठ मोठी झाल्यासारखी वाटते. दिवसातून चाळीस वेळा चाचपल्यावर दुसरं काय होणार.

१० फेब्रुवारी, शनिवार

ठीक आहे! सगळं ठीक आहे!

मला ड्रायक्लीनिंगचं दुकान सोडता येईना – शनिवारी कोट घ्यायला रांग लागते – म्हणून हा एकटाच गेला रिपोर्ट आणायला. काउंटरपाशी येऊन म्हणाला, "तुझी साधी गाठ आहे. काही करायचं नाही." एका गिऱ्हाइकाच्या कोटात तोंड खुपसून रडले. कागद कुठाय विचारलं तर कामावरच्या कपाटात राहिला म्हणाला. मरू दे कागद.

संध्याकाळी ह्याने आपणहून पत्ते काढले. "ये, शिकवतो." लग्नाला एकोणीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मला गाडी शिकवायचीही ह्याला सवड झाली नव्हती! पण शिकवलं छान. पत्ता भारी असला की आधी समोरच्याचा विचार करायचा. त्याच्याकडेही काहीतरी बरं असेल तरच तो देईल. मग त्याला परवडेल एवढंच मागायचं. आधी थोडं, मग जरा जास्त, मग आणखी. "आणि दबा धरून बसू नकोस. तू गप्प, तेही गप्प, की पॉट, मधला ढीग, आहे तेवढाच राहतो." थाप मारतानाही तेवढीच बेट लावायची, म्हणजे कुणाला फरक कळत नाही.

"उद्या बसशील ना?" असं तीनदा विचारलं. एवढी काय निकड? बसते म्हटलं.

११ फेब्रुवारी, रविवार

जिंकले!! एक्क्यासकट पाच बदाम. आधी चार लावल्या, मग आठ, मग पंधरा. आवाज अगदी भाजीचा भाव विचारल्यासारखा. ताई शेवटपर्यंत आली. मास्तरही आले! ह्याने कपबशा विसळल्या, एका कपाचा कान उडवला. मी काही बोलले नाही. जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं.

१८ फेब्रुवारी, रविवार

परत! दश्श्यांचं फुल हाउस, आणि तिघंही शेवटपर्यंत. मला कारणही सापडलंय. गाठीपायी माझा हात हल्ली सारखाच गळ्याकडे असतो – पत्ता चांगला असो की रद्दी. ताईला आता काय कळणार, डोंबल!

ह्याला म्हटलं, बारीक झालास. तर म्हणे, "लिफ्ट बंद पडली की मला बोलावतात. मग मी वर कसा जात असेन? जिन्यानेच ना!" हसून हसून पुरेवाट.

१९ फेब्रुवारी

दुकानात दिवसभर गुणगुणत होते. मालकाने विचारलं, पगार वाढला का?

२५ फेब्रुवारी, रविवार

काहीतरी चुकतंय.

टेबलावर राजा, गुलाम, दोन नव्व्या, दुर्री. माझ्या हातात नव्वी आणि राजा. परत फुल हाउस. शिकवल्याप्रमाणे पायरी पायरीने वाढवत गेले. शेवटी वीस लावल्या. हा आणि ताई बाहेर पडले. मास्तरांनी वीस चिप्स मोजून पुढे सारल्या. मी जिंकले, ढीग ओढला, आणि सवयीने त्यांचे पत्ते उलटून बघितले. सत्ती आणि तिर्री! जोडी नाही, काही नाही. मी थाप मारत असते तरी माझा कुठलाही बरा पत्ता त्यांना पुरून उरला असता. असा कॉल पहिल्या दिवशी शिकायला बसलेलं पोरही करत नाही. आणि हे तर टक्के मास्तर!

"मास्तर, किती टक्के होते हो?" म्हटलं.

"कधीतरी गंमत म्हणून," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

जाताना ताईने मला जवळ घेतलं. एकोणीस वर्षांत तिने कधी नीट हातात हात दिला नाही. मी येऊन पलंगावर बसले. मी शिकले-बिकले काही नाही. हे लोक मला देतायत. जो माणूस थोड्या दिवसांचा सोबती असतो त्याच्याशी असं वागतात. रिपोर्ट मी बघितलेलाच नाही.

२६ फेब्रुवारी

कपाट, पेटी, ह्याच्या हत्यारांची पिशवी – सगळं धुंडाळलं. कागद नाही. सरळ विचारलं, माझा रिपोर्ट दाखव.

"तुझं सगळं ठीक आहे. शपथ."

"मग कागद का दाखवत नाहीस?"

"आणतो गं. विसरतो."

थाप मारताना हा असाच सरळ डोळ्यांत बघतो, मला काय माहीत नाही! संताप आला. माझं मरण, आणि मलाच सोडून सगळ्या इमारतीला माहीत!

२८ फेब्रुवारी

भीती वाटते. फार वाटते. लिहिल्याने कमी होईल म्हणून लिहितेय, होत नाहीये.

माझ्यामागे ह्याचं कसं होणार? ह्या माणसाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. गॅस बंद करायचं लक्षात राहत नाही. ताई दोन दिवस डबा देईल, तिसऱ्या दिवशी टोमणे देईल. आज ह्याला भात लावायला शिकवायला गेले तर म्हणाला, "मला कशाला आता?" बघा, काही गंभीरपणा आहे का! त्याच्यावर ओरडले. ताट तसंच सारून उठला.

३ मार्च, रविवार

आज मुद्दाम केलं. आधी ठरवलं नव्हतं, पण पत्ताच तसा आला. हातात दोन राण्या, टेबलावर दोन राण्या. चार राण्या! आयुष्यात पहिल्यांदा. मी दोन्ही पत्ते उघडे करून टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "ह्या बघा चार राण्या. आणि ह्या माझ्या सगळ्या चिप्स." सगळा ढीग पुढे लोटला.

असा पत्ता उघडा दिसल्यावर कोण एक तरी चिप घालेल? ताईने न बघता आपल्या सगळ्या पुढे सारल्या. मास्तरांचा हात थोडा थांबला, मग त्यांनीही सारल्या.

"किती दिवस उरलेत माझे?" मी विचारलं.

मास्तर टोपी शोधायला लागले, टोपी डोक्यावरच होती. ताई एकदम म्हणाली, "अगं, तुला काही झालेलं नाही! तुला काहीसुद्धा—"

"ताई!" हा ओरडला. ह्याने आजवर बहिणीवर कधी आवाज चढवला नव्हता.

मग पत्ते गोळा करायला लागला. दोन खाली पडले, ते उचलायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. "उद्या बोलू आपण," म्हणाला. उद्या कशाला? उद्या सकाळी मीच जाते डॉक्टरीणबाईंकडे. दुकान गेलं खड्ड्यात.

४ मार्च, सोमवार

माझी साधी गाठ आहे. डॉक्टरीणबाईंनी आमच्या दोघांच्या एकत्र टाचलेल्या रिपोर्टांतला माझा कागद समोर ठेवून दाखवला. मी खुर्चीत हसतच सुटले. त्या म्हणाल्या, "बरं झालं आज आलात. प्रत्येक वेळी एकटे येऊ नका, बायकोला आणा, असं मी मिस्टरांना दोनदा सांगितलं."

तिथून ताईकडे गेले. दार उघडताच तिला कळलं. "त्यानेच आम्हाला हात जोडले गं. म्हणाला, तिला जिंकू द्या, हरली तर ती खेळ सोडेल. तिचा रविवार सुटता कामा नये, माझ्यामागे घरात एकटी बसून राहील."

सहा वाजले. जिन्यात ह्याची पावलं वाजतायत, मध्ये मध्ये थांबतायत. कुठला चेहरा करून दार उघडू?