पहिल्या बेसच्या मागे

वेस्ट विंडसर
२५ जानेवारी, रविवार

प्रिय सावू,

आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा सोडून.

त्या रविवारी सकाळी मी डिशवॉशर रिकामा केला, मुगाची डाळ भिजत घातली आणि मेथीच्या जुड्या घेऊन टेबलाशी बसले. गेल्या वर्षीचा मार्च संपत आला होता. बाबा मागच्या अंगणात बर्ड फीडरमध्ये दाणे घालायला गेले होते. तेवढं काम त्यांनी कुणालाही करू दिलं नव्हतं. परत आले तेव्हा पिशवी तशीच भरलेली होती. फीडरपर्यंत पोचलेच नव्हते. कोट न काढता माझ्यासमोर बसले आणि एक जुडी ओढून घेऊन निवडायला लागले. त्यांना मेथी निवडता येत नाही हे तुला माहीत आहे. देठंच देठं ठेवतात. मी निवडू दिलं. त्यांना हाताला काम हवं होतं.

मग ते जे बोलले ते पुढे लिहिते. आधी इकडचं सांगते.

बर्फ भरपूर आहे. ड्राइव्हवे साफ करायला माणूस लावला आहे, तू म्हणाली होतीस तसा. फर्नेसचा आवाज थांबला. लायब्ररीत अजूनही जाते, बुधवारी. तिथली बाई आता माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवते. तुला आठवतं का, मी बेसबॉलवरचं पहिलं पुस्तक आणलं ते लहान मुलांच्या कपाटातलं होतं. पानापानावर चित्रं. तू दहा वर्षांची होतीस आणि मला हसली होतीस. पण जेवताना तू आणि बाबा बोलायचात त्यातलं मला एक अक्षर कळायचं नाही, आणि माझ्याच टेबलावर मी परकी बसायची. चाळीसगावच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत जे शिकले त्यात हे नव्हतं. म्हणून वाचलं. पुढे मोठ्यांच्या कपाटापर्यंत पोचले.

गुरुवारी देवांगचा फोन आला. तो एरवी सासूला फोन करत नाही, मेसेज पाठवतो, तेव्हाच समजायला हवं होतं. म्हणाला, "आई, तिने जॉब सोडला. बेसबॉल क्लबने थांबवायचा प्रयत्न केला. ती म्हणते, आय कान्ट पुट अ नंबर ऑन अ पर्सन एनीमोअर." मी विचारलं, कधी. म्हणाला, डिसेंबरमध्ये. म्हणजे ख्रिसमसला तू मला फोनवर "ऑल गुड, आई" म्हणालीस तेव्हा सोडून झाला होता.

तुझ्यावर रागावलेली नाही. फोनवर तू फाइन म्हणणार आणि मी बरं म्हणणार, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. कागद मध्येच कट करता येत नाही.

मंगळवारी हॉल ऑफ फेमचा निकाल होता, बेसबॉलच्या थोर खेळाडूंत यंदा कोण जाणार त्याचा. दरवर्षी या दिवशी तुम्ही बापलेक फोनवर. तुझ्याकडे तुझी दहा नावं, त्यांच्याकडे त्यांची, आणि मी मध्ये पोळ्या लाटत. यंदा लेनी हस्किन्सचं नाव पहिल्यांदा मतदानाला आलं होतं. मी एकटीने टीव्ही लावला. त्याला इतकी थोडी मतं पडली की पुढच्या वर्षी नावच राहणार नाही. एका झटक्यात संपलं. एकोणीस वर्षं खेळलेला माणूस. निवेदकाने त्याचं नाव घेतलं ते पुढचं वाक्य सुरू करायच्या आधी, श्वास घेताघेता. मी टीव्ही बंद केला.

तू बरोबर होतीस. तू सतत सांगत होतीस की तो जाणार नाही.

लेनीवरून तुमचं भांडण किती जुनं आहे बघ. त्याला आपल्या टीमने दुसरीकडे दिलं, बदल्यात चेंडू टाकणारे दोन कोवळे पिचर घेतले, तेव्हा बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मी विचारलं, काय झालं, तर तू आपल्या त्या गंभीर चेहऱ्याने म्हणालीस, "आई, बाबांना सुतक आहे." तेव्हापासून त्यांनी त्याला लेनीपंत म्हणायला सुरुवात केली. देव्हाऱ्यात ठेवायचाच बाकी होता.

आणि तू मोठी होऊन नेमकी त्याच कामाला लागलीस. कोण किती किमतीचा, कुणाला ठेवायचं, कुणाला द्यायचं. बाबा ऑफिसात सगळ्यांना सांगायचे आणि घरी तुझ्याशी वाद घालायचे. तुझा तो वॉर. साध्या बदली खेळाडूला उभं केलं असतं तर त्यापेक्षा हा किती सामने जास्त जिंकून देतो, तो आकडा. मला समजायला एक हिवाळा गेला. एकदा थँक्सगिव्हिंगला बाबांनी विचारलं होतं, "मग तुझ्या आईचा वॉर किती?" तू म्हणालीस, "काढता येत नाही बाबा. रिप्लेसमेंट कुणी अप्लायच करत नाही." देवांगला ठसका लागला होता.

पण लेनीवर तू हटली नाहीस. बाबा म्हणायचे, तो राइट फील्डमध्ये, लांब उजवीकडे, उभा असतो. समोरच्याने चेंडू जवळच मारला की आपला माणूस तो उचलून पहिल्या बेसकडे फेकतो. त्या प्रत्येक वेळी लेनी पहिल्या बेसच्या मागे धावत येतो. फेक चुकलीच तर अडवायला. फेक बहुतेक चुकत नाही. तो परत जागेवर जातो. पुन्हा धावतो. "हे कुठे मोजतेस तू?"

तू म्हणालीस, "मोजलंय बाबा. इट्स ऑलमोस्ट नथिंग."

"ऑलमोस्ट," बाबा म्हणाले. तेवढंच धरून बसले पुढची दहा वर्षं.

तुझ्या क्लबने त्या वयस्कर पिचरला दिलं, तेव्हा त्यांनी तुला फोन करून विचारलं होतं की त्याच्या मुलांच्या शाळेचं काय. तू म्हणालीस ते मॉडेलमध्ये नसतं. तू चिडली होतीस. फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "चांगली आहे कामात. मला आवडेल ते सांगत नाही."

हे वाक्य लक्षात ठेव. यासाठीच एवढं लांबण लावलं.

आता बाबांच्या तेराव्याचं. मी ते कधी काढलं नाही, तूही नाही. घर भरलेलं होतं. राधिका काकू सोफ्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आजकाल काय काय औषधं निघालीत. चारुदत्त भाऊजींनी केमो थांबवायला नको होती." त्यांच्या मनात काही नसतं, तोंडात असतं. तू दारात उभी होतीस. तू म्हणालीस, "मी सांगितलं त्यांना थांबवा म्हणून." आणि वर गेलीस. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या तोंडाशी होते. ट्रे धरून उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. त्यानंतर दिवाळी आली, थँक्सगिव्हिंग आलं, तू आली नाहीस.

मला वाटलं, तुला या घरात ते दिसत असतील म्हणून येत नाहीस. मलाही दिसतात. म्हणून मी खोदून विचारलं नाही. देवांगने नोकरीचं सांगितलं तेव्हा कळलं की तू काय उचलून घेऊन गेली होतीस.

तुला तो तुझा फोन पाठ असेल. मलाही आहे. गुरुवार होता. बाबांनी आधीच्या आठवड्यात तुला सांगितलं होतं, डॉक्टरीण गोड बोलते, तिचे कागद तू वाच, आणि लेनीकडे बघतेस तसं माझ्याकडे बघून सांग. मला ते आवडलं नव्हतं. मुलीला असं कुणी विचारतं का? तू वाचलंस. फोन स्पीकरवर होता. तू म्हणालीस, "बाबा, या केमोने फार तर दोन-तीन आठवडे वाढतील, आणि ते हॉस्पिटलमध्ये जातील. आय वुडन्ट." तुझा आवाज अजिबात हलला नाही. मला त्या क्षणी तुझी भीती वाटली.

बाबा म्हणाले, "ठीक आहे. तुझ्या आकड्यावर जातो. लेनीच्या बाबतीतही तूच बरोबर असशील."

मग फोन बंद झाला. त्यांनी चहा मागितला.

शेवटच्या आठवड्यात तू त्यांच्याजवळ बसली होतीस तेव्हा त्यांना म्हणालीस, "बाबा, लेनी जाईल आत. मी मॉडेल परत रन केलं, ही हॅज अ शॉट." त्यांनी डोळे उघडले. "आता तूही डॉक्टरसारखी बोलायला लागलीस," म्हणाले. तू रडलीस. तुला वाटलं असेल की ते तुला टोचून बोलले. ते तसं नव्हतं, सावू. त्यांना घरात एक माणूस खरं बोलणारा हवा होता आणि तो तू होतीस. मी तर रोज सांगत होते, आज चेहरा बरा दिसतोय.

आता मेथीपाशी येते.

तुझ्या त्या फोनच्या आधीचा रविवार. बाबांनी अर्धी जुडी तशीच देठांसकट बाजूला केली आणि म्हणाले, "सुचित्रा, मला पुढचं औषध नको."

मी म्हटलं, "सावनी वाचते आहे ना. तिला सांगू तर द्या."

"ती सांगेल. तिला सांगू दे. माझं ठरलंय."

"मग तिला विचारलं कशाला?"

त्यांनी आणखी एक देठ पानांत टाकलं. मग म्हणाले, "पंधरा वर्षं मी तिला म्हणतोय की तिचे आकडे माणूस मोजत नाहीत. एकदा तरी तिच्या आकड्यावर चालून दाखवायचंय. तिला वाटलं पाहिजे, बापाने माझं ऐकलं."

मी म्हटलं, "आणि तिने घ्या म्हणून सांगितलं तर?"

"नाही सांगणार. ती माझ्यापेक्षा चांगलं वाचते."

मग म्हणाले की तुला आधी कळू द्यायचं नाही. कळलं तर तू नुसती रडशील आणि तुझं मत कधीच सांगणार नाहीस. नंतरही सांगायचं नाही. माझ्याकडून तसं कबूल करून घेतलं. ती त्यांनी तुला दिलेली भेट होती. त्यांनी आयुष्यात तुला खूप काही दिलं, पण हे देताना त्यांची चूक झाली. तुला जिंकवायला गेले आणि तुझ्या डोक्यावर धोंडा ठेवून गेले. इतका हुशार माणूस, पण हे त्याला दिसलं नाही. मलाही दिसलं नाही. आणि खरं लिहायचं तर, कुणी विचारलं की का थांबवलं, तेव्हा ते सावनीच्या सांगण्यावरून थांबलं असं मनात म्हणायला मलाही सोपं जात होतं. शब्द दिला होता म्हणून गप्प बसले, हे अर्धंच खरं आहे.

आज मी तो शब्द मोडते आहे. त्यांना काय म्हणायचं ते मी वर गेल्यावर ऐकून घेईन.

नोकरीवर परत जा असं मी म्हणणार नाही. घरी ये असंही म्हणत नाही. तुझ्या खोलीत हीटर चालू ठेवते, एवढंच. उन्हाळ्यात मी काही सामने एकटीने बघितले. चेंडू सोडून राइट फील्डकडे बघत बसायची. कॅमेरा तिकडे जात नाही, कडेला जेवढं दिसेल तेवढं. तिथला एक पोरगा धावत यायचा पहिल्या बेसच्या मागे, प्रत्येक वेळी. एकदाही उपयोग झाला नाही. आकड्यात तू म्हणतेस तेवढंच असेल, जवळजवळ काही नाही. मी त्यावर वाद घालत नाही. फक्त तुला सांगते की मी बघत होते.

राहिली शेवटची गोष्ट. त्या रविवारी आमचं बोलणं झाल्यावर बाबा म्हणाले, "फोन तू कर. माझ्याच्याने नाही व्हायचं." आणि उरलेली जुडी माझ्याकडे सरकवून आडवे झाले. मी त्यांच्या देठांमधून पानं पुन्हा निवडली, भाजी केली. त्यांनी दोन घास खाल्ले.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, क्लिनिक उघडल्यावर मी फोन केला आणि शुक्रवारची केमो रद्द केली. नर्सने विचारलं, दुसरी तारीख देऊ का. मी नको म्हटलं.

तुझी
आई