अक्काचा डबा कंधारला कसा गेला

ती. सरजाअक्कास मनिषाचा सविनय जयभीम.

इकडं नांदेडात सगळी खुशाल आहेत. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे ते कळव. तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. कागद लुंबिनीच्या प्रबंधातले, एका बाजूनं कोरे आहेत (पाठीमागच्या आलेखांकडं लक्ष देऊ नकोस, जरी आपल्या रुसव्याचं कारण तिथंच असलं तरी).

डिंकाच्या लाडवांचा जो डबा तुला लातूरला आला, तो तुझा नव्हता. तो माझ्या नणंदेचा, कंधारच्या केवळावन्संचा होता. हे कसं झालं ते जरा मागपासून सांगावं लागेल.

आमची लुंबिनी जिवाणूंवर संशोधन करून राहिली हे तुला माहीत आहे. (मी तिला म्हणाले, रोज एवढे जीव उकळून मारतेस, पहिलं शील मोडतं. ती म्हणाली, "आई, तू कढी करतेस तेव्हा?" तेव्हापासून मी हा विषय काढत नाही.) तर जिवाणूला जे प्रथिन पेशीबाहेर पाठवायचं असतं, त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटा तुकडा असतो, संकेत-पेप्टाइड म्हणतात. आपण डब्यावर नाव चिकटवतो तसा. तो पाहून दारातून माल बाहेर सोडतात आणि तुकडा तिथंच कापून टाकतात. इथवर मला पटलं. पण पोरगी पुढं म्हणते, मागच्या प्रथिनाची कृती तीच ठेवून नुसता हा तुकडा बदलला, तरी जिवाणू मुळात माल किती बनवील तेच बदलतं. एका तुकड्यानं भरपूर, दुसऱ्यानं चिमूटभर. फारच भरपूर झालं तर दारात गर्दी होऊन पेशीच गुदमरते. आमचे हे म्हणाले, "पत्त्यावरून माल ठरतो व्हय? पोस्टात अख्खी नोकरी केली, असं कधी न्हाई पाहिलं."

लुंबिनी वाद घालत नाही, प्रयोग करते. यंदा केला तो माझ्यावर.

मी रिकाम्या डब्यावर आधी नाव चिकटवते आणि मग लाडू वळायला बसते (बिननावाचा डबा ह्यांना आपलाच वाटतो). कृती एक, हात एक, त्रिशरण म्हणूनच गॅस पेटवते. तरी पोरीनं एकेक लाडू फोडून दाखवला. तुझ्या नावाच्या डब्यात खोबरं, तूप, बदाम, आणि लाडू एवढे की झाकण बसेना. वन्संच्या डब्यात कणीक, गूळ आणि डिंकाचा वास. मी म्हणाले, योगायोग. ती म्हणाली, "पेशीलाबी ठाऊक नसतंय, आई." मग मी विहारात गेल्यावर तिनं भरलेल्या डब्यांवरची दोन्ही नावं सोलून अदलाबदल केली, माल नावाच्या मागं जातो का ते बघायला. गेला, तुझा कंधारला आणि वन्संचा लातूरला.

तुझा राग रास्त आहे. पण वन्संचा फोन आला होता. एरवी आमचं बोलणं पाऊसपाण्यापुरतं. या खेपेला म्हणाल्या, "वहिनी, आई गेल्यापासून असा लाडू कुणी न्हाई दिला बघा." अदलाबदलीचं मी सांगितलं नाही. खोटं बोलू नये असं शील आहे, गप्प राहू नये असं कुठं नाही.

मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
मनिषा

ता.क. पुढच्या आठवड्यात वन्सं डोळे दाखवायला लातूरला येताहेत, तुझ्याकडंच उतरतील. लाडवांचा विषय काढतीलच. तू एवढंच म्हण, मलाही तसाच डबा आला. शील तुझं मोडेल, म्हणून इथं विहारात तुझ्या नावानं मेणबत्ती लावते (अर्धी शिल्लक आहे).

आणखी एक. तुझे लाडू पुन्हा केले. लुंबिनीनं या खेपेला नाव चिकटवूच दिलं नाही. बसवाल्यानं मग डबा घेतला नाही. पोरगी म्हणते बरोबरच आहे, संकेत नसला की माल पेशीतच राहतो. राहिला, आणि हे रोज जेवणानंतर त्याचा समाचार घेताहेत. तेव्हा लवकर ये. येताना तो रिकामा डबा आण, पण त्यावरचं तुझं नाव सोलू नकोस. पुढच्या वर्षी वन्संचे लाडू तो डबा समोर ठेवूनच वळीन आणि त्यातच भरीन. डबा दारातून बाहेर पडताना तुझं नाव काढीन, वन्संचं लावीन.